माइक बंद करायचा राहिला

रात्री साडेनऊच्या सुमारास आम्ही चौघं फोनवर, बीजीएमआय या लढाईच्या गेमच्या मैदानात उतरतो. बाळे, अशोक चौक, विडी घरकुल आणि मी, जुळे सोलापूर. ही सोलापुरातल्या आमच्या राहत्या भागांची नावं. गेममधली आमची नावं वेगळी आहेत, लांबलचक. पण समोरून गाडी आली की "अशोक चौक, डावीकडं बघ की बे!" हेच पटकन तोंडातून निघतं. बाळे माझा मावसभाऊ. अशोक चौक त्याचा कॉलेजातला दोस्त, आणि विडी घरकुल त्या दोघांच्या क्रिकेटमधला. मी तिघांपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. अशोक चौकानं पहिल्याच दिवशी मला अक्का म्हटलं, बाकीच्यांनी तेच उचललं.

दिवसभर मी एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीची विवरणपत्रं भरते. वीस तारीख जवळ आली की तिथंच नऊ वाजतात. घरी येऊन भाकरी खाल्ली की पुढचा तासभर माझा असतो, आणि तो मला फार प्रिय आहे. गेम वाईट, म्हणून दुसरं काहीतरी शोधा, असं मला कुणालाही सांगायचं नाही. मला सांगायचंय ते त्या तासात मागून ऐकू येणाऱ्या आवाजांबद्दल.

बीजीएमआयच्या टोळीत चार जण असतात आणि चौघांनाही एकमेकांचं सतत ऐकू यावं लागतं. माइक बंद ठेवून चालत नाही. त्यामुळं त्या तासाभरात आमची चार घरं एकमेकांत मिसळून जातात. अशोक चौकाकडून खट-खडाक, खट-खडाक असा एकसुरी आवाज येत राहतो. त्यांचा कारखाना घराच्या मागच्या अंगाला आहे, रात्रपाळीचा माग चालू असतो. विडी घरकुलाकडून अधूनमधून लोखंडी छनछन आणि लांब कुठंतरी हलगी. बाळ्याकडून पुणे रोडवरच्या ट्रकांचे हॉर्न. आणि मधेच तो स्वतःशी काहीतरी पुटपुटतो, अक्षरं लावत वाचणाऱ्या पहिलीतल्या पोरासारखं.

माझ्याकडून काय ऐकू जातं हे मला बरेच दिवस ठाऊक नव्हतं. मग एकदा मृगात, ऐन खेळात, जिन्यातून अप्पांची हाक आली, "अगं, बाटली सरळ आहे का बघून ये! वारं सुटलंय!"

"अक्का, कसली बाटली?" विडी घरकुलानं विचारलं.

"काही नाही रे. अप्पांचं आपलं काहीतरी असतं."

हे वाक्य मी वीसेक वर्षं म्हणत आले होते. शाळेतल्या मैत्रिणींना, पाहुण्यांना, सगळ्यांना. अप्पांचं काहीतरी असतं.

त्यानंतर चार-सहा दिवसांत गेमचं अपडेट आलं. विडी घरकुलाचं नेट रडत होतं, त्याचं उतरायला तास लागणार होता. खेळ नाही, पण माइक चालू. त्याच रिकाम्या वेळात त्यानं विचारलं, "बरं, हे सोडून तुम्ही काय करता रे?" त्याचा रोख कामधंद्यावर नव्हता, ते आम्हा सगळ्यांनाच कळलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकेकाच्या मागचा आवाज पुढं आला. माझी पाळी आली तेव्हा मी "काही खास नाही" म्हणाले. ते खरंच होतं, आणि मला ते लागलं.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत मी तिघांकडेही जाऊन आले.

अशोक चौक

कारखाना म्हणजे पत्र्याखाली चार माग. दारातून आत गेलं की बोलणं संपतं, हातानं खुणा करायच्या. सुताचा तो कोरडा, किंचित खळीचा वास. हवेत तरंगणारा कापूस. एका कोपऱ्यात त्याची आई कांड्या भरत बसलेली. आणि मागाच्या वर, छताला लागून, जॅकार्ड, म्हणजे नक्षी उठवणारं यंत्र.

सोलापुरात जन्मले, सोलापुरी चादरीतच वाढले, पण चादरीवरचं फूल मागावर येतं कसं हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्यानं माग थांबवून दाखवलं. पुठ्ठ्याच्या आयताकृती पट्ट्या एकमेकींना शिवून त्यांची मोठी माळ केलेली असते. प्रत्येक पट्टीला भोकं. माळ एकेक घर पुढं सरकते आणि एकेक पट्टी सुयांच्या रांगेसमोर येऊन बसते. भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा आकडा वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा, म्हणजे उभा धागा उठतो. भोक नसेल तिथला धागा खालीच. मधून आडवा धागा घेऊन धोटा निघून जातो. झाली बाण्याची एक ओळ. पुढची पट्टी, पुढची ओळ.

भोक आहे किंवा नाही. उचल किंवा राहू दे. आमच्या हातातला फोन याच दोन शब्दांवर चालतो, असं तो म्हणाला. ते नुसतं बोलणं नव्हतं. फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्डनं हे यंत्र 1804 च्या आसपास उभं केलं. चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी भोकाच्या पुठ्ठ्यांची कल्पना त्याच्याकडूनच उचलली, आणि 1890 मध्ये अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलरिथच्या भोकांच्या कार्डांवर मोजली गेली. पुढं कितीतरी वर्षं संगणकाला कामं सांगायची ती अशाच कार्डांवर. म्हणजे साखर पेठेत, भवानी पेठेत, आमच्या आजोबांच्या पिढीतली निरक्षर माणसंही रोज ज्या पट्ट्या मागावर चढवत होती, त्या याच घराण्यातल्या.

पण त्याचा छंद पुढंच आहे. खाटेखालून त्यानं एक जाडजूड गठ्ठा काढला. आलेखाचे कागद. प्रत्येक चौकोन म्हणजे एका ताण्याची आणि एका बाण्याची गाठ. चौकोन भरला की धागा वर, मोकळा सोडला की खाली. त्यावर त्यानं लाल पेन्सिलीनं काढलं होतं आमच्या गेममधलं हेल्मेट, विमानातून उतरणारी छत्री, तळण्याची ती कढई. आणि सिद्धेश्वराचं तळ्यातलं देऊळ, गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज, पदर डोक्यावरून घेतलेली त्याची आजी.

"गोल काढायला गेलं की पायऱ्या होतात अक्का," तो म्हणाला. "म्हणून पायऱ्या अशा काढायच्या की डोळा फसावा." आधी पाच घरं आडवी, मग तीन, मग दोन, मग एक, एक. लांबून बघितलं की खरंच कमान दिसते. जुन्या व्हिडिओ गेममधली चित्रं याच युक्तीनं काढलेली असायची, हे तो एकीकडं सांगत होता. दुसरीकडं त्याचे वडील कागदावर बोट ठेवून म्हणाले, "हे इथं मागावर टिकणार नाही." सलग भरलेले चौकोन फार झाले की धागा तेवढं अंतर कुठंही न अडकता सुटा राहतो. मग तो बोटात, बांगडीत अडकतो, तुटतो. म्हणून भरलेल्या भागातही मधेमधे एखादं घर मोकळं सोडावं लागतं, धागा बांधला जाण्यासाठी. कागदावर ते डाग वाटतात. कापडात दिसतही नाहीत.

आता बहुतेक ठिकाणी नक्षी संगणकावरच होते आणि पुठ्ठेही नकोत अशी जॅकार्डं आली आहेत. त्याला ते येतं, धंद्यासाठी तो तेच करतो. रात्री साडेदहाला आमचा खेळ संपला की मात्र तो पेन्सिल घेऊन बसतो. अजून त्याची एकच नक्षी प्रत्यक्ष मागावर चढली आहे, ती आजीची. वडिलांनी एका दिवाळीच्या सुट्टीत माग मोकळा दिला. चादरीच्या एका अंगाला लाल जमिनीवर पांढरी आजी, उलटवली की पांढऱ्यावर लाल. सोलापुरी चादरीला वाया जाणारी बाजू नसते. त्याच्या आजीनं ती चादर एकदाही अंगावर घेतली नाही म्हणे. घडी करून उशाशी ठेवली आहे.

विडी घरकुल

ती छनछन लेझमीची होती. आषाढातच त्यांच्या मंडळाचा सराव सुरू होतो, गणपतीपर्यंत रोज रात्री. मैदानात एका विजेच्या दिव्याखाली साठ-सत्तर पोरं, आणि अलीकडं पोरीही. चार आवाज, आठ आवाज, दो रुख, नावं जुन्या तालमीतलीच. मी कडेला उभी राहिले आणि दुसऱ्या मिनिटाला अंगावर काटा आला. सत्तर लेझमी एकाच क्षणी मिटल्या की आवाज कानाला लागत नाही, छातीत बसतो. त्याचे तळहात बघितले. अंगठ्याच्या मुळाशी घट्टे. गेममध्ये पावलांचा आवाज सगळ्यात आधी यालाच का कळतो, ते मला त्या रात्री उमगलं. याचा कान वर्षानुवर्षं साठ जणांतला एक चुकलेला ठोका हुडकतो आहे.

बाळे

माझा मावसभाऊ आणि पुस्तकं यांचं कधी जमलं नाही. दहावीला मराठीत तो काठावर पास झाला होता. तोच आता रविवारी मोटारसायकल काढून गावोगावच्या देवळांत दगड वाचत फिरतो. सुरुवात एका वीरगळापासून झाली. मित्राच्या गावी पारावर टेकून बसला होता, पाठीला काहीतरी टोचलं, वळून बघितलं तर दगडात लढणारा माणूस, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. पाठ टेकायला वापरला जाणारा तो दगड कुणाच्यातरी मरणाची नोंद होता. तिथून याला लागलं ते लागलंच.

मला तो कुडलला घेऊन गेला, हत्तरसंग कुडल. शहरापासून चाळीसेक किलोमीटर, भीमा आणि सीनेचा संगम. हरिहरेश्वराच्या देवळातलं 359 मुखांचं शिवलिंग बघायला लोक येतात, आम्हीही बघितलं. पण त्याला दाखवायचं होतं ते संगमेश्वराच्या देवळात. तुळईवर कोरलेला लेख, शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक. तो उजेडात आणला सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी. हा भाग मराठी-कानडीच्या सीमेवरचा, इथले पुष्कळ लेख जुन्या कानडीत आहेत, आणि त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून ते शोधले, वाचले. मावसभावाच्या फोनवर त्यांचा फोटो आहे, विठ्ठलाच्या शेजारी.

सरळ उजेडात दगडावर काहीच दिसत नव्हतं. त्यानं बॅटरी अगदी दगडाला चिकटवून, तिरकी धरली. एकदम खाचांत सावल्या भरल्या आणि अक्षरं वर आली. "खडूबिडू घासायचा नाही, दगड मरतो," तो म्हणाला. मग पुटपुटत, अक्षरावर बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवत वाचलं. वाछि तो विजेया होईवा. जो वाचेल तो विजयी होईल.

हजार वर्षांपूर्वी कुणीतरी, आपण मेल्यावर कोण येईल माहीत नसताना, वाचणाऱ्यासाठी आशीर्वाद कोरून ठेवला. आणि तो घ्यायला दहावीला मराठीत काठावर पास झालेला आमचा पोरगा चाळीस किलोमीटर आला. मी काही बोलले नाही. परत येताना मंद्रूपला चहा प्यायलो तेव्हाही फार बोलणं झालं नाही.

अप्पांचं काहीतरी

घरी आले तेव्हा अप्पा गच्चीच्या जिन्यात बसले होते, निम्म्यात. गुडघा धरून. वर चढवत नव्हतं, आणि खाली यायला मन होत नव्हतं. सकाळचे आठ पंचवीस झाले असते तर मी समजले असते, पण संध्याकाळ होती. "उद्या कसं करायचं, ते बघत होतो," म्हणाले.

अप्पा एसटीत वाहक होते. बार्शी, अक्कलकोट, तुळजापूर, मंगळवेढा. 2017 ला निवृत्त झाले. वाहकाला प्रत्येक फेरीचं वेबिल भरावं लागतं, किती तिकिटं, किती पैसे, कुठल्या थांब्याला किती माणसं. ती शिस्त अंगात मुरलेली. त्यांनी 1998 साली जुळे सोलापुरात हे घर बांधलं आणि त्याच पावसाळ्यात गच्चीवर डालडाचा रिकामा डबा ठेवला. सरळ उभ्या भिंतींचा डबा असेल तर त्यात जितकी उंची पाणी साठतं तितकाच पाऊस पडला, डबा लहान असो की मोठा. त्यात स्टीलची पट्टी बुडवून मिलीमीटर वाचायचे. ड्यूटीवर बाहेरगावी मुक्काम असला की आई वाचायची. आई गेल्यावर शेजारच्या काकू. मला त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

निवृत्तीचे पैसे आले तेव्हा त्यांनी स्वतःसाठी एकच वस्तू घेतली, खरं पर्जन्यमापक. वर 12.7 सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं, आत बाटली, बाहेर भांडं. सोबत रेघा मारलेलं काचेचं नळकांडं. रोज सकाळी बरोबर साडेआठला वाचायचं, कारण हवामान खातंही देशभर साडेआठलाच वाचतं. आजच्या साडेआठपासून उद्याच्या साडेआठपर्यंतचा पाऊस उद्याच्या तारखेला. बाटलीच्या बाबतीत ते का ओरडतात तेही आता कळलं. नरसाळं तिरकं झालं की त्याचं तोंड आभाळाला कमी पडतं, आणि आकडा खोटा येतो.

दुसऱ्या दिवशी मी चढले. अप्पा खाली जिन्याच्या तोंडाशी. रात्री थोडा शिडकावा झाला होता. नळकांडं डोळ्याच्या उंचीला धरायचं, पाण्याचा पृष्ठभाग कडेला वर चढलेला दिसतो, तो वाचायचा नाही, मधला खोलगट भाग वाचायचा. "दोन पॉइंट आठ!" मी वरून ओरडले. "अडीचच्या वर गेला. पावसाचा दिवस धरायचा," खालून आवाज आला. अडीच मिलीमीटर झाल्याशिवाय पावसाचा दिवस म्हणत नाहीत, हाही खात्याचाच नियम.

त्यानंतरच्या सकाळी आकाश कोरडं होतं. मी ऑफिसच्या घाईत निघाले. अप्पा दारात वही घेऊन उभे.

"आज काय?"

"आज पडलाच नाही की अप्पा."

"वर जाऊन बघितलं का?"

"नाही, पण..."

"बघून ये. आणि शून्य लिही. शून्य लिहिलं नाही तर पुढं कुणाला कळणार, पाऊस पडला नाही की बघणारा वर गेला नाही?"

मी गेले. बघितलं. शून्य लिहिलं.

त्या आठवड्यात मी जुन्या वह्या काढल्या. शंभर पानी, लाल कव्हरच्या, दुकानात पोरांना मिळतात तसल्या. आत बहुतेक सगळी शून्यंच. सोलापूर जिल्ह्याची वर्षाची सरासरीच साधारण साडेपाचशे मिलीमीटर. कोकणात तेवढा एकेका आठवड्यात पडून जातो. आमच्याकडं जून-जुलै ढग बघण्यात जातात आणि खरा जोर असतो तो परतीच्या पावसाचा, उत्तरा, हस्तात. अप्पांनी तारखेशेजारी नक्षत्रही लिहिलेलं असतं. मंगळवेढ्याची ज्वारी, हिवाळ्यातला हुरडा, आमच्या ताटातली कडक भाकरी, सगळं त्या दोन-तीन नक्षत्रांवर अवलंबून. "पडल्या स्वाती तर पिकतील माणिक-मोती" ही म्हण आजी म्हणायची ती मला नुसती म्हण वाटायची. वहीत ते आकड्यांत दिसतं. ज्या वर्षी तिथं नुसती शून्यं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वहीच्या समासात अप्पांचं बारीक अक्षर: "उजनी मायनस." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, उजनी धरणात 117 टीएमसी, म्हणजे 117 अब्ज घनफूट पाणी मावतं, पण निम्म्याहून जास्त मृतसाठा. वापरायचं पाणी संपलं की टक्केवारी शून्याच्या खाली मोजतात. आणि उजनी आमच्या पावसानं भरतच नाही, ती भरते पुण्याकडच्या घाटातल्या पावसानं. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं तेव्हा सोलापूरकर पुण्याच्या आभाळाकडं बघत असतो.

मी विचारलं, मग आपल्या गच्चीवरचा पाऊस मोजून काय मिळतं? विचारताना मला जरा भीतीच वाटली.

अप्पांनी वेबिलासारखा हिशेब मांडला. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. आपली गच्ची हजार चौरस फूट, म्हणजे 93 चौरस मीटर. दहा मिलीमीटर पडला की नऊशे तीस लिटर पाणी आपल्या डोक्यावर आलं. "ते कुठं गेलं, हे माणसाला माहीत नको का?" मग थोडं थांबून म्हणाले, "बहात्तरला मी तेरा वर्षांचा होतो. खडी फोडायला जायचो आईबरोबर, सुकडी मिळायची. पाऊस नाही, पाऊस नाही, एवढंच सगळे म्हणायचे. किती नाही, हे कुणालाच सांगता यायचं नाही. तेव्हापासून डोक्यात होतं."

एवढ्या वर्षांत त्यांनी हे मला पहिल्यांदा सांगितलं. मी पहिल्यांदा विचारलं होतं.

14 ऑक्टोबर 2020 च्या पानावर तीन नोंदी आहेत. त्या पावसात रात्रीतून बाटली भरून पाणी बाहेरच्या भांड्यात उतरलं होतं. अप्पा छत्री घेऊन वर गेले, नळकांडं पुन्हा पुन्हा भरून मोजलं, ओतलं, बाटली परत जागेवर ठेवली. साडेआठला बेरीज. वहीचं ते पान अजून फुगलेलं आहे. मला ती रात्र चांगली आठवते. मी खाली हेडफोन लावून खेळत होते.

चार बाटल्या

आमच्या टोळीला मी हे सगळं सांगितलं, एका रात्री, सामना संपल्यावर. बराच वेळ बोलत होते. मागं माग चालू होता, हलगी चालू होती. मग बाळे म्हणाला, "परवा तुझ्याकडं धो-धो चालू होता, माझ्याकडं ऊन होतं."

त्यावर अशोक चौकानं विचारलं, घरी बनवता येईल का?

येतं. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्यायची, मान जिथं सुरू होते तिथं कापायची, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. तळ खडबडीत असतो म्हणून त्यात गोटे टाकायचे, म्हणजे वाऱ्यानं लवंडतही नाही. पण मग उंची वाचता येत नाही, म्हणून आम्ही औषधाच्या सिरिंजनं मोजायचं ठरवलं. सुरुवातीला गोटे बुडेपर्यंत खुणेइतकं पाणी ओतायचं, सकाळी खुणेच्या वरचं सिरिंजनं ओढून मोजायचं. बाटलीचा व्यास 11 सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ 95 चौरस सेंटिमीटर. साडेनऊ मिलिलिटर पाणी निघालं की एक मिलीमीटर पाऊस. हा भागाकार मी करून दिला. अशोक चौकानं आलेखाच्या कागदावर तक्ता काढला, मिलिलिटर इकडं, मिलीमीटर तिकडं, खाली कोपऱ्यात बारीक छत्री. विडी घरकुलाच्या आईनं पहिली बाटली कचरा समजून टाकून दिली. दुसरीवर त्यानं लाल रंगानं लिहिलं, "हात लावू नका, पाऊस आहे."

अप्पांना मी विचारलं, हे धरायचं का? जागा गच्चीच्या, बाटल्या घरगुती. ते म्हणाले, "खात्याच्या कागदावर नाही धरणार. आपल्या वहीत धरू. पण जागा हलवायची नाही आणि वेळ चुकवायची नाही, एवढं त्यांना सांग."

परवा हस्तात ऐन खेळात आभाळ फुटलं. झोन, म्हणजे खेळायची जागा, लहान होत आला होता, आमचे तिघं शिल्लक होते, आणि माझ्या हेडफोनमधला पाऊस खरा की गेममधला, ते क्षणभर कळेना. "अक्का, तुमच्याकडं किती?" विडी घरकुलानं विचारलं, गोळ्या चालू असताना. "साडेआठला," मी म्हणाले. तो सामना आम्ही हरलो.

सकाळी साडेआठला मी वर. आभाळ धुऊन निघालेलं, सिद्धेश्वराच्या दिशेनं पोपटांचा थवा. 31.4. खाली येईपर्यंत फोनवर दोन आकडे आले होते. अशोक चौक 19. विडी घरकुल 22.5. बाळ्याचं काहीच नाही. आठ चाळीसला त्याचा निरोप, "इकडं रस्ता पण ओला नाही बे."

अप्पांनी नवी वही काढली होती. पट्टी धरून पानावर चार रकाने आखले, वर चार नावं घातली, आणि पेन माझ्या हातात दिलं. मी आमचा आकडा लिहायला वाकले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"आधी बाळ्याचं शून्य लिही," म्हणाले. "पण त्याला विचार, वर जाऊन बघितलं का?"